भाकरीला पाऊण तास, वडापावला अर्धा मिनिट

लातूरच्या उद्योग भवन परिसरात संध्याकाळी क्लास सुटले की गाड्यांभोवती जी गर्दी होते, त्यातली बरीच पोरं डॉक्टर व्हायची तयारी करत असतात. पचनसंस्था, इन्सुलिन, तंतुमय पदार्थ, सगळं तोंडपाठ. आणि हातात वडापाव. तेव्हा 'लोकांना माहिती नाही, जागृती करायला पाहिजे' हे पालुपद आता बंद करावं. माहिती बक्कळ आहे. हिशोब वडापावच्या बाजूने लागतो, एवढाच प्रश्न आहे. तो हिशोब एकदा कागदावर मांडला की त्यात कुठे हात घालता येतो ते दिसायला लागतं.

आधी एकट्या माणसाचं भाकरी-पिठलं घेऊ. ज्वारी 45 रुपये किलो धरा, दळणाचे किलोला 5. मध्यम भाकरीला 75 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन भाकरींचे साडेसात रुपये. पिठल्याला 40 ग्रॅम बेसन, 4 रुपये. दोन चमचे तेल, दीड रुपया. कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर मिळून 4 रुपये. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचं असतं. ते 900 रुपयांना धरलं तर गॅस किलोला 63 रुपये पडतो, आणि मधला बर्नर तासाला साधारण 150 ते 200 ग्रॅम गॅस खातो. अर्ध्या तासाचे 5-6 रुपये. सगळं मिळून साडेबावीस. समोर 15 रुपयांचे दोन वडापाव, 30 रुपये. फरक साडेसात रुपयांचा.

या साडेसात रुपयांत गिऱ्हाईक काय विकत घेतं ते बघा. मळणं, थापणं, भाजणं, पिठलं हाटणं याची पाऊण तासाची मेहनत, आणि वर परात, तवा, कढई, ताट-वाटी घासायची दहा मिनिटं. जवळजवळ तासाभराचं काम. रोजगार हमीची महाराष्ट्रातली 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, आठ तासांनी भागली तर तासाला 39. मग साडेसात रुपये वाचवायला तासभर चुलीपुढे कोण उभं राहील? गाड्यावर जाणारा माणूस आळशी नाही. त्याला हिशोब कळतो.

आता तोच स्वयंपाक चार माणसांचा करा. सामान माणशी 17 रुपयांच्या आसपास, म्हणजे 68. गॅस चौपट लागत नाही, 10 रुपयांत भागतो. एकूण 78. चौघांचे वडापाव 120 रुपयांचे. वेळ फार तर सव्वा तास. म्हणजे सव्वा तासात 42 रुपये वाचले, तासाला 33-34. रोजगार हमीच्या दराच्या जवळपास आलो. घरचं जेवण स्वस्त असतं हे खरं, पण पंगतीला चार माणसं असली तरच. एकटा राहणारा विद्यार्थी, वाळूज एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, बदलीच्या गावी खोली करून राहिलेला मास्तर, यांच्या बाबतीत ते गणित आधीच हरलेलं असतं. आहारावरचे बहुतेक लेख मात्र घरात चार माणसं आणि स्वयंपाकाला एक बाई आहे असं गृहीत धरूनच लिहिलेले असतात. त्या बाईच्या तासाची किंमत शून्य धरली की कुठलंही जेवण स्वस्तच दिसतं.

पोषणाच्या बाजूने मात्र सामना एकतर्फी आहे. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 335 कॅलरी, 10 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू असतात. मैद्यात प्रथिनं तेवढीच, पण तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. वरच्या ताटाचा, म्हणजे दोन भाकरी आणि पिठल्याचा हिशोब 700 कॅलरी, 23 ग्रॅम प्रथिनं, 20 ग्रॅम तंतू असा येतो. दोन वडापावचा आकारमानाप्रमाणे 550 ते 600 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम निम्मी. पोटभरीचं जेवण म्हणून भाकरी रुपयालाही परवडते. 'पौष्टिक खाणं महाग' ही समजूत ओट्स, किनोआ आणि प्रोटीन बार यांच्या किमती बघून झालेली आहे. जालन्याच्या दगडी ज्वारीचा किंवा बोरसुरीच्या तुरीच्या डाळीचा त्यात काही दोष नाही.

एक खर्च वरच्या हिशोबात धरलाच नाही, तो पाण्याचा. एका साध्या जेवणाची सहा-सात भांडी हात राखून घासली तरी 12 ते 15 लिटर पाणी जातं. पुण्या-मुंबईचा लेखक हा आकडा मांडणार नाही. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मांडावाच लागतो. नळाला पाणी आठवड्याने येतं, खोलीत दोन बादल्या साठवण आहे, अशा वेळी परात-कढई खरकटी करायची की कागदावर वडापाव घ्यायचा? उन्हाळ्यात गाड्याकडे वळणाऱ्या पावलांमागे जिभेच्या चोचल्यांइतकीच ही टंचाईही असते.

गाडेवाल्याची बाजूही बघू, कारण जिंकायचं गमक त्याच्याकडे आहे. त्याचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. बटाटे एकदाच उकडले, भाजीची फोडणी एकदाच दिली, गोळे करून परातीत झाकून ठेवले, मिरच्या तळून ठेवल्या, चटणी कुटून ठेवली, पावाच्या लाद्या आल्या. पाऊण तासाचं काम त्याने 200 वड्यांत वाटून टाकलं. एका वड्याच्या वाट्याला मेहनतीची काही सेकंदं आणि गॅसचे काही पैसे येतात. गिऱ्हाईक आलं की फक्त तळायचं आणि पावात दाबायचं. म्हणजे 'फास्ट' फूड फास्ट नसतंच. त्याची सगळी कामं भुकेच्या आधी उरकलेली असतात. घरच्या स्वयंपाकात मात्र कामाला सुरुवातच भूक लागल्यावर होते. इथेच भाकरी हरते.

गाड्यावर खायचंच तर काय बघावं? तेल 170 ते 180 अंशांवर असलं की वड्याचं आवरण लगेच धरतं आणि तेल आत कमी शिरतं. गर्दीच्या वेळी मामा एकदम पंचवीस वडे कढईत सोडतात, तेल थंड पडतं, बुडबुडे मंदावतात आणि वडा तेल पितो. पीठ पातळ असेल किंवा सोडा जास्त पडला असेल तर अजूनच. म्हणून घाईतल्या घाण्यापेक्षा दोन मिनिटं थांबून पुढचा लहान घाणा घ्यावा. दुसरं, जुनं तेल. तळून तळून तेलात जे ध्रुवीय घटक साचतात त्यांची कमाल मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 25 टक्के ठरवली आहे, 1 जुलै 2018 पासून. गाड्यावर ते मोजायचं यंत्र कोण ठेवणार? पण डोळ्याला कळतं: वडा काढल्यावरही फेस कढईच्या कडेला टिकून राहतो, तेल काळपट आणि काकवीसारखं दाट होतं, नेहमीपेक्षा लवकर धूर सुटतो, खाल्ल्यावर घशात खवखवतं. कालचं तेल टाकून न देता त्यात आजचं थोडं नवं ओतायचं, ही बहुतेक गाड्यांची रीत. त्याने रंग सुधारतो, तेल सुधारत नाही. सकाळचा पहिला घाणाही नव्या तेलातला असेलच असं नाही.

चायनीजच्या गाड्यावर मुख्य अडचण मिठाची. अजिनोमोटोच्या नावाने उगाच ओरड होते. सोया सॉसकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ते अडीच ग्रॅम मीठ असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅमची. मंचुरियनच्या एका प्लेटीत सॉस, वरून मीठ, शेजवान चटणी असं तिन्हीकडून मीठ येतं. मंचुरियनचे गोळे म्हणजे पत्ताकोबीच्या नावाखाली मैदा आणि कॉर्नफ्लॉवर. कोबी ओला असतो म्हणून गोळा बांधायला पीठ जास्त लागतं, आणि पीठ जास्त म्हणून तेलही जास्त.

पोट फसतं ते कशाने, यावर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांच्या गटाने केलेला एक नेटका प्रयोग आहे, 2019 साली छापून आलेला. 20 माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवून ठेवले होते. वाटेल तेवढं खायची मुभा होती. कारखानी अन्नाच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. आपला वडा कारखान्यातला नाही, पण त्याचा पाव बघा: दोन घासांत चावून होतो. ज्वारीची भाकरी चावायला वेळ लागतो, मध्ये कोरड्यासाचा, म्हणजे कालवणाचा, घोट लागतो, कांद्याचा कडका लागतो. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर भाकरीवाला अजून पहिल्याच भाकरीवर असतो. वडापाववाल्याचं बिल देऊन झालेलं असतं.

ज्वारी घरातून गेली कशी, हेही इथे थोडक्यात. खरिपाच्या ज्वारीची जागा मराठवाड्यात सोयाबीनने घेतली. रब्बीची मालदांडी टिकली, पण तिची काढणी हातानेच, मजूर मिळत नाही, आणि दावणीला जनावर नसेल तर कडब्याचंही काम उरत नाही. पूर्वी कणगीतली ज्वारी 'फुकट' वाटायची, आता ती दुकानातून आणावी लागते. दुसऱ्या बाजूला अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत झालं, आणि त्यात मुख्यतः गहू-तांदूळ. मोफत तांदळापुढे 45 रुपयांची ज्वारी चैन ठरते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' वाण दिला, 2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्षही साजरं झालं. पण वाणाने आणि वर्षाने थापायचं काम कमी होत नाही.

आणि थापणं हाच खरा अडसर आहे. गव्हात ग्लुटेन असतं, पोळी लाटताना ते पीठ धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. भाकरीचं पीठ पाण्याने, उष्णतेने आणि हाताच्या दाबाने धरतं, म्हणून नवख्याची भाकरी परातीतच तुटते आणि तो कायमचा पावाकडे जातो. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतोच, पिठाचा असतो. दळून पंधरा दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते. चिकटपणा संपतो आणि चवही कडवट होते, कारण ज्वारीच्या अंकुरातलं तेल खवट होतं. एकट्याने दोन किलोच्या वर दळून आणू नये. उन्हाळ्यात दहा दिवसांत संपवावं, फ्रिजमध्ये महिनाभर चालतं.

नवख्याने थापायच्या भानगडीत पडूच नये, उकड काढावी. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करा, एक वाटी पीठ एकदम टाकून उलथण्याच्या दांड्याने हलवा आणि पाच-सात मिनिटं झाकण ठेवा. मग ओल्या हाताने तीन-चार मिनिटं चांगलं रगडा. या पिठाची भाकरी पोळीसारखी लाटण्याने लाटता येते. एका वाटीच्या दोन लहान होतात. तवा आधी कडक तापलेला हवा. भाकरी टाकल्याबरोबर पिठीच्या बाजूवर पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकेपर्यंत थांबलात तर भेगा पडतात, फार लवकर उलटलीत तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू जरा जास्त वेळ भाजून मग पहिली बाजू थेट जाळावर. फुगली नाही तर तीनच कारणं: तवा गार होता, लाटताना कुठेतरी छिद्र पडलं, किंवा पीठ घट्ट राहिलं. कडा फाटत असतील तर पाणी कमी पडलंय, अजून एक हात पाणी लावून पुन्हा मळा. एवढं जमलं की दोन भाकरी वीस मिनिटांत होतात, पाऊण तास लागत नाही.

तेवढाही वेळ नसेल त्यांच्यासाठी कडक भाकरी आहे. सोलापूर आणि त्याला लागून असलेल्या धाराशिवच्या भागात ती विकत मिळते. पातळ, पापडासारखी कडक, कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे टिकणारी. दही आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की जेवण दोन मिनिटांत. ही आपली पाकिटबंद 'रेडी टू ईट' वस्तू, कुणी तशी जाहिरात केली नाही एवढंच.

आता येसर, म्हणजे आमटीसाठी भाजून दळून ठेवलेलं मसालेदार पीठ. या लेखात एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही बघा. लग्नाकार्यात येसर-मेतकूट करायची आपल्याकडे जुनी पद्धत, आणि येसर म्हणजे सूपचं पाकीट निघायच्या कितीतरी आधीचं आपलं पाकीट. प्रमाण घरोघरी वेगळं. चालणारं एक असं: एक वाटी गहू, अर्धी वाटी बाजरी, अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे, दहा-बारा मिरे, चार लवंगा, बोटभर दालचिनी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. एकत्र भाजलं की जिरं जळतं आणि डाळ कच्ची राहते. डाळ मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते, आत कच्चीच. मग आमटीला कितीही उकळी द्या, बेसनाचा कच्चा वास जात नाही. एक दाणा दाताखाली फोडून बघा, कुरकुरीत तुटला पाहिजे. सगळं पूर्ण गार झाल्यावर दळा, कोमट असताना दळलं तर वाफ धरते आणि चार दिवसांत गठ्ठे होतात. हळद आणि काळं तिखट दळल्यावर मिसळा. सुकं खोबरं पिठात घालू नका, ते लवकर खवट होतं. आमटीच्या वेळी भाजून चुरडून टाका. कोरड्या बरणीत तीन महिने काळजी नाही.

आमटीला दोन माणसांसाठी तीन चमचे येसर वाटीभर गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. लसणाची फोडणी, त्यात दोन वाट्या पाणी, उकळी आली की कालवलेलं येसर, मीठ, चिंचेचा कोळ, आणि सात-आठ मिनिटं उकळू द्यायचं. जास्त दाट झाली तर गरम पाणी घाला, गार घातलं की आमटी फुटल्यासारखी चोथा-पाणी वेगळी दिसते. भाकरी असेल तर कुस्करून, नसेल तर मोफतच्या तांदळाच्या भाताबरोबर. गाडेवाला पहाटे जे करतो तेच इथे महिन्यातून एकदा होतं: काम भुकेच्या आधी उरकलेलं.

खोलीत शेगडीच नसेल, वसतिगृहात बंदी असेल, तर न शिजवता काय? 30 ग्रॅम फुटाणे, 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दोन केळी. फुटाण्यांचे 4 रुपये, शेंगदाण्यांचे 4-5, केळ्यांचे 10. वीस रुपयांच्या आत सुमारे 475 कॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिनं. वेळ शून्य, भांडं एकही नाही. नांदेडकडे अर्धापूरची केळी असतील तर त्याहून स्वस्त. कागदावर हे वडापावला सगळ्या बाजूंनी हरवतं, आणि तरी रात्री साडेआठला कुणी खात नाही. कारण ते गरम नाही, झणझणीत नाही, आणि फुटाणे खायला चार मित्र कोपऱ्यावर जमत नाहीत. माणूस गाड्यावर अन्नासोबत थोडं उभं राहायला, बोलायला जातो. हे मान्य करूनच उपाय शोधावा लागतो. फुटाण्यांची जागा साडेपाचची आहे. क्लासला किंवा पाळीला जाण्याआधी मूठभर खाल्ले की साडेआठला माणूस गाड्यावर जातो खरा, पण तीनऐवजी एकावर भागतं. मेसचा डबा लावलेल्यांनाही हेच लागू: डबा सातला येऊन गार होतो, क्लास नऊला सुटतो, आणि गार पातळ वरणापेक्षा गरम भजे जिंकणारच. डबा साडेआठनंतर आणून देईल अशी मेस शोधणं हे कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

पोरांच्या दहा रुपयांच्या पाकिटाबद्दल दोनच गोष्टी. किंमत दहावर अडवून ठेवलेली असते, कच्चा माल महागला की वजन उतरतं. म्हणून किमतीऐवजी ग्रॅम वाचा. 35 ग्रॅमचं पाकीट दहाला म्हणजे किलोला 285 रुपये, शेंगदाण्याच्या दुप्पट. आणि मागच्या बाजूला सोडियमचा जो मिलिग्रॅमचा आकडा असतो त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा 2020 चा नियमही आहे. फाटकाबाहेर उभं राहून तो कितपत दिसतो ते आपापलं ठरवा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी आजीजवळ ठेवलेल्या पोराच्या हातात दहाची नोट का असते, त्याला मात्र नियमाचा उपाय नाही. आई पहाटे फडात, आजीच्याने परात उचलत नाही.

शेवटी गाड्याचंच बोलू, कारण लोक गाड्यावर जाणारच असतील तर गाड्यावर दुसरं काही मिळतं का हा प्रश्न उरतो. इडलीचे गाडे लातूर-नांदेडात वाढले, त्यांनी दाखवून दिलं की तळलेलं नसलं तरी गरम, स्वस्त आणि चटकन मिळालं तर लोक रांग लावतात. उकडलेल्या अंड्यांचंही तेच. मग सुशीला का नको? मुरमुऱ्यांची सुशीला मराठवाड्याच्या घराघरांत नाश्त्याला होते, दहा मिनिटांत, आणि गाड्यावर मात्र क्वचित दिसते.

50 प्लेटींचा हिशोब करून बघा. मुरमुरे प्लेटीला 40 ग्रॅम, म्हणजे 2 किलो, 160 रुपये. शेंगदाणे 750 ग्रॅम, 100 रुपये. फुटाण्याच्या डाळीचा कूट अर्धा किलो, 50. कांदे 2 किलो, 60. तेल 400 ग्रॅम, 60. मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, हळद मिळून 80. व्यावसायिक गॅसचे 40, कागदी प्लेट-चमच्यांचे 75. एकूण 625, म्हणजे प्लेटीला साडेबारा रुपये. वीसला विकली तरी साडेसात हातात राहतात. शेंगदाणे आणि कूट यांच्यात काटकसर करायची नाही, कारण प्रथिनं तिथूनच येतात. नुसते मुरमुरे म्हणजे फुगवलेला भात.

फसतं ते असं. पन्नास प्लेटी एकदम करून पातेल्यात ठेवल्या की अर्ध्या तासात वरचा थर चिवट आणि खालचा लगदा होतो. वडा दुपारी चारला पुन्हा तळून गरम म्हणून विकता येतो, सुशीलेला ती सोय नाही, म्हणूनच गाडेवाले तिच्या वाटेला जात नाहीत. यावर तोड अशी: कांदा, मिरची, शेंगदाण्यांची फोडणी पन्नास प्लेटींची सकाळीच करून ठेवायची. मुरमुरे कोरडे. गिऱ्हाईक आलं की तीन-चार प्लेटींपुरते मुरमुरे चाळणीत घेऊन पाण्यात बुडवून लगेच काढायचे, फार तर अर्धा मिनिट, हलक्या हाताने दाबून पाणी काढायचं, तव्यावर चार डाव फोडणी, त्यावर मुरमुरे, कूट, मीठ, दोन वाफा. तीन मिनिटं. जाड मुरमुऱ्यांना थोडं जास्त भिजवावं लागतं, पातळ मुरमुरे तर नुसता पाण्याचा हबका मारला तरी मऊ होतात. ठोक बाजारातून पोतं घेण्याआधी दोन्हींचा मूठभर नमुना भिजवून बघावा. मीठ कूटात मिसळून ठेवलं तर प्रत्येक घाण्याला सारखं पडतं. आणि दिवस मावळता गिऱ्हाईक कमी आलं तर कोरडे मुरमुरे पिशवीत परत जातात, उद्या चालतात. उकडलेल्या बटाट्यांचं तसं होत नाही.